एका गुणाचा हिशेब : अटीतटीच्या एमएमए लढतीचा निकाल कसा लागतो

आजची सुरुवात आपण तीन आकड्यांनी करू. ४८-४६, ४६-४८ आणि ४७-४७.

१ जानेवारी २०११. लास व्हेगास. यूएफसीच्या लाइटवेट, म्हणजे ७० किलो गटाच्या विजेतेपदाची लढत. एका बाजूला विजेता फ्रँकी एडगर, दुसऱ्या बाजूला आव्हानवीर ग्रे मेनार्ड. एडगर तोवर कारकिर्दीत एकदाच हरला होता, २००८ साली, आणि तोही याच मेनार्डकडून. पहिल्या फेरीत मेनार्डने त्याला पुन्हा पुन्हा ठोसे लगावून खाली पाडलं. पाहणाऱ्यांना वाटलं, संपलं. पण एडगर तगला, दुसऱ्या फेरीपासून उसळून आला आणि पंचवीस मिनिटं पूर्ण झाली तेव्हा दोघेही उभे होते. मग तीन पंचांचे कागद वाचले गेले. एक म्हणाला मेनार्ड, एक म्हणाला एडगर, तिसरा म्हणाला बरोबरी.

तीन माणसं, एकच लढत, तीन उत्तरं. आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की यातलं चुकलं कोण? आजच्या तासाभरात आपण हे पाहणार आहोत, की कदाचित कुणीच चुकलं नव्हतं. हे कसं, ते कळायला या खेळात गुण मोजायची पद्धत कुठून आली तो इतिहास बघावा लागतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. ठोसे चालतात, लाथा चालतात, कुस्तीसारखा पट काढून खाली पाडता येतं, खाली पाडल्यावर सांधा पिळता येतो, गळा आवळता येतो. साधी लढत तीन फेऱ्यांची, विजेतेपदाची पाच. एक फेरी पाच मिनिटांची. आत रेफरी असतो, तो लढत चालवतो आणि गरज पडली तर थांबवतो. बाहेर वेगवेगळ्या बाजूंना तीन पंच बसतात, ते गुण देतात. आज आपला विषय हे बाहेरचे तिघे.

गंमत अशी, की सुरुवातीला या खेळात ते तिघे नव्हतेच.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. आठ स्पर्धक, एकच रात्र, वजनगट नाहीत आणि गुण देणारे पंचही नाहीत. लढत संपायची ती एक जण बेशुद्ध पडल्यावर, कुणी हात आपटून हार मानल्यावर, किंवा कोपऱ्यातून टॉवेल आत आल्यावर. आपल्याकडे मातीतल्या जत्रांमध्ये ज्याला ‘निकाली कुस्ती’ म्हणतात, साधारण तीच कल्पना. पाठ लागली की निकाल, तोवर नाही. त्या रात्री ब्राझीलचा रॉयस ग्रेसी जिंकला. वजन साधारण ८० किलो, अंगात पांढरा गी, आणि समोरच्याला खाली नेऊन हार मानायला लावायची हातोटी. निकालाबद्दल वाद व्हायला जागाच नव्हती.

मग पंच आले कुठून? त्याचं उत्तर आखाड्यात नाही, टीव्हीत आहे.

डिसेंबर १९९४ मध्ये चौथी यूएफसी झाली. तेव्हा लोक पैसे भरून केबलवर हा कार्यक्रम बघायचे, आणि कार्यक्रमाला ठरावीक वेळ मिळालेली असायची. अंतिम लढतीत ग्रेसीसमोर डॅन सेव्हर्न होता, ग्रेसीपेक्षा कितीतरी जड असलेला कुस्तीगीर. सेव्हर्न वर, ग्रेसी खाली, असं पंधरा मिनिटांहून जास्त चाललं. शेवटी ग्रेसीने खालूनच पायांची पकड घालून त्याला हार मानायला लावलं. पण घरी बसलेल्या अनेकांना ते दिसलंच नाही, कारण वेळ संपली आणि प्रक्षेपण तुटलं. ज्यांनी पैसे भरले होते ते चिडले. तेव्हा पुढच्या वेळी लढतींना वेळेची मर्यादा घालण्यात आली.

पुढची वेळ म्हणजे ७ एप्रिल १९९५, शार्लट. रॉयस ग्रेसी विरुद्ध केन शॅमरॉक. पहिल्या यूएफसीत ग्रेसीने शॅमरॉकला हरवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे याच लढतीकडे. जादा वेळ धरून लढत झाली ३६ मिनिटं. बहुतेक वेळ शॅमरॉक वर आणि ग्रेसी पाठीवर. जादा वेळेत दोघांना उभं केल्यावर शॅमरॉकचा ठोसा बसला आणि ग्रेसीचा डोळा सुजला. घंटा झाली. आता विजेता कोण? सांगणारं कुणी नव्हतंच. बरोबरी जाहीर झाली.

इथे आपण जरा थांबू. वेळेची मर्यादा घातली, पण मर्यादा संपल्यावर काय करायचं याची सोय केली नाही. निकाली कुस्तीला घड्याळ लावलं की ती निकाली राहत नाही, हे त्या ३६ मिनिटांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुन्हा डेन्व्हरला, यूएफसीत पहिल्यांदा पंच बसले. म्हणजे साखळी अशी : केबलची वेळ, त्यातून घड्याळ, घड्याळातून बरोबरी, आणि बरोबरीतून पंच. न्याय कसा द्यावा यावर आधी खल झाला आणि मग पद्धत ठरली, असं काही झालं नाही.

त्या वेळी पंचांचं काम सोपं होतं. सगळी लढत पाहा आणि एक नाव सांगा. फेरीनिहाय गुण वगैरे नंतर आले. ते का आले, तर खेळावर बंदीचं सावट आलं म्हणून.

१९९६ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली आणि हा प्रकार बंद करायला सांगितलं. माणसांची कोंबडझुंज, असं ते त्याला म्हणायचे. राज्यामागून राज्यांनी दारं लावली. जगायचं तर एकच रस्ता होता. अमेरिकेत बॉक्सिंगवर देखरेख ठेवणारी सरकारी क्रीडा मंडळं राज्याराज्यांत होती, त्यांच्या छत्राखाली जायचं. त्यासाठी नियम हवेत, वजनगट हवेत, हातमोजे हवेत, डॉक्टर हवेत आणि मान्य होईल अशी गुणपद्धत हवी. २००० साली न्यू जर्सीने असे नियम लावून लढती घ्यायला परवानगी दिली, २००१ मध्ये नेवाडा राज्य, म्हणजे लास व्हेगास, त्यात आलं. हेच पुढे ‘युनिफाइड रूल्स’ म्हणून रूढ झाले.

आता गुणपद्धत कुठली घेतली? मंडळांकडे बॉक्सिंगची तयार होती, तीच घेतली. तिचं नाव ‘टेन पॉइंट मस्ट’. मस्ट म्हणजे सक्ती. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायचेच, हरणाऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. थोडक्यात जिंकली तर १०-९. फारच एकतर्फी झाली तर १०-८. प्रत्येक फेरी संपली की पंच कागदावर आकडा लिहितो, कागद गोळा होतो आणि मागे वळून तो बदलता येत नाही.

वरवर पाहता यात काय वाईट? बॉक्सिंगमध्ये तर ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण एक फरक लक्षात घ्या. बॉक्सिंगची मोठी लढत बारा फेऱ्यांची असते. बारांत एक फेरी इकडची तिकडे झाली तरी बाकीच्या अकरा ते सांभाळून घेतात. एमएमएची साधी लढत तीन फेऱ्यांची. इथे एक फेरी म्हणजे तिसरा हिस्सा. बारा हातांच्या कापडासाठी केलेला गज आपण तीन हातांच्या कापडाला लावला. गज तोच, पण बोटभर चूक झाली तर अंगरखा बिघडतो.

दुसरा फरक आणखी खोल आहे. तो फळ्यावर मांडून बघू. समजा पाच फेऱ्यांची लढत आहे. अ ने तीन फेऱ्या जिंकल्या, पण अगदी केसाच्या अंतराने. ब ने दोन जिंकल्या, त्या मात्र दणदणीत. पंचाने पाचही फेऱ्या १०-९ दिल्या, तर अ ला ४८ आणि ब ला ४७. अ जिंकला. आता ब च्या एका दणदणीत फेरीला पंचाने १०-८ दिले, तर दोघांना ४७. बरोबरी. दोन्ही फेऱ्यांना १०-८ दिले तर ब जिंकला, ४७-४६. लढत तीच, ठोसे तेच, रक्त तेवढंच. नऊ लिहायचे की आठ, एवढ्यावर पट्टा कुणाच्या कमरेला बांधायचा ते ठरतं.

आता परत एडगर आणि मेनार्डकडे जाऊ. त्या तीन आकड्यांवरून आपण एक गोष्ट इथे बसूनच काढू शकतो. ज्या पंचाने एडगरला ४८-४६ दिलं, त्याने उरलेल्या चारही फेऱ्या एडगरला दिल्या आणि पहिली मेनार्डला १०-८. ज्याने मेनार्डला ४८-४६ दिलं, त्याने पहिली १०-८ आणि आणखी दोन मेनार्डला दिल्या. बरोबरीवाल्याने पहिली १०-८ आणि आणखी एक. म्हणजे पहिल्या, सगळ्यांत भयंकर फेरीबद्दल तिघांचं पूर्ण एकमत होतं! मतभेद होता तो नंतरच्या अटीतटीच्या फेऱ्यांचा. तीन वेगळी उत्तरं म्हणजे तिघांनी तीन वेगळ्या लढती पाहिल्या असं नव्हे. एखाद-दुसऱ्या फेरीत हात इकडे वळला की तिकडे, एवढाच फरक.

पण या एवढ्याशा फरकाची किंमत कुणी मोजली? बरोबरी झाली म्हणून पट्टा एडगरकडेच राहिला. मेनार्ड हरला नाही, पण विजेता झाला नाही. आणि एक तिसरा माणूस होता, जो त्या रात्री पिंजऱ्यात नव्हताच. अँथनी पेटिस. दुसऱ्या एका संघटनेचा विजेता, ती संघटना यूएफसीत विलीन झाली होती आणि या लढतीतल्या विजेत्याशी पुढे त्याची गाठ पडायची होती. निकाल बरोबरीत गेल्यावर एडगर आणि मेनार्ड यांचीच पुन्हा लढत ठरली. पेटिस वाट बघत बसला नाही, जून २०११ मध्ये दुसरी लढत घेतली, ती हरला आणि रांगेतून बाहेर गेला. यूएफसीचा पट्टा त्याच्या कमरेला लागला तो ऑगस्ट २०१३ मध्ये. आयुष्याची उमेदीची अडीच वर्षं, आणि कारण काय, तर दुसऱ्याच दोघांच्या कागदावरचा एक गुण.

पैशांचंही सांगायला हवं. यूएफसीच्या अनेक करारांत मानधन दोन भागांत असतं. लढायला उतरल्याचे अमुक, आणि जिंकलात तर साधारण तेवढेच वर. म्हणजे शेवटच्या कागदावरची एक फेरी उलटी पडली तर लढवय्या अर्धीच कमाई घेऊन घरी जातो. महिनोन्‌महिने केलेली मेहनत, सराव भागीदार, प्रशिक्षक, वैद्य, सगळ्यांचे पैसे त्यातूनच द्यायचे. आपण बाहेर बसून ‘पंचांनी लुटलं’ म्हणतो, त्याच्यासाठी ते नुसतं म्हणणं नसतं.

दुसरं उदाहरण १६ नोव्हेंबर २०१३ चं. पुन्हा लास व्हेगास, यूएफसीची विसावी वर्षपूर्ती. कॅनडाचा जॉर्जेस सेंट-पिएर, वेल्टरवेटचा म्हणजे ७७ किलो गटाचा विजेता, समोर जॉनी हेन्ड्रिक्स. पाच फेऱ्यांनंतर सेंट-पिएरचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, हेन्ड्रिक्सच्या तोंडावर फारशी खूण नव्हती. निकाल लागला : दोन पंच सेंट-पिएर ४८-४७, एक पंच हेन्ड्रिक्स ४८-४७. गदारोळ झाला. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी जाहीरपणे पंचांना आणि नेवाडाच्या मंडळाला धारेवर धरलं.

कागद उघडून पाहिले तर काय दिसतं? दुसरी आणि चौथी फेरी हेन्ड्रिक्सची, तिसरी आणि पाचवी सेंट-पिएरची, यावर तिघेही एकमताने. भांडण फक्त पहिल्या फेरीचं. पहिली पाच मिनिटं, जेव्हा अजून कुणाचा चेहराही सुजला नव्हता! लोक शेवटचा चेहरा बघून रागावले होते, पंचांनी सुरुवातीची पाच मिनिटं वेगळी काढून मोजली होती. दोन्ही माणसं प्रामाणिक असू शकतात. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. एकाचा प्रश्न, कुणी कुणाला जास्त मारलं? दुसऱ्याचा प्रश्न, कुणी जास्त फेऱ्या घेतल्या?

पहिला प्रश्नच विचारणारी पद्धतही जगात होती. जपानमधली प्राइड ही संघटना १९९७ ते २००७ पर्यंत चालली. तिथे पहिली फेरी दहा मिनिटांची, आणि पंच फेरीनिहाय गुण देत नसत, सगळी लढत संपल्यावर एकच कौल देत. सिंगापूरची वन चॅम्पियनशिपही एमएमएच्या लढती अशाच अख्ख्या तोलते. मग तिकडे भांडणं नसतात का? असतातच. सगळी लढत एकत्र तोलायची तर शेवटची पाच मिनिटं डोळ्यांसमोर ताजी असतात, सुरुवातीची पुसट होतात. कोणी म्हणतं, पहिली दहा मिनिटं मी राबलो त्याचं काय? फेरीनिहाय मोजलं तर प्रत्येक फेरीला न्याय मिळतो पण सगळ्या लढतीचा तोल जाऊ शकतो. एकत्र मोजलं तर तोल राहतो पण स्मरणशक्तीवर भरवसा ठेवावा लागतो. दोन्हींत तोटा आहे. कोणता पत्करायचा, एवढंच निवडणं हाती उरतं.

अमेरिकेने फेरीची पद्धत सोडली नाही, पण आतला निकष घासून घेतला. आधीच्या नियमांत प्रभावी प्रहार, प्रभावी पकड, पिंजऱ्यावरचा ताबा, आक्रमकता, बचाव अशी यादीच होती. कुणी ताब्याला जास्त मान द्यायचा, कुणी प्रहाराला. जानेवारी २०१७ पासून पायऱ्या स्पष्ट झाल्या. आधी फक्त प्रहार आणि पकडीचा परिणाम पाहायचा. तो अगदी समसमान असेल तरच आक्रमकता. तीही समसमान असेल तरच ताबा. आणि १०-८ द्यायला पंच कचरत असत, तो हातही थोडा मोकळा केला. नुसतं पुढे पुढे चालत राहणं किंवा समोरच्याला जाळीला दाबून धरणं म्हणजे फेरी जिंकणं नव्हे, हे कागदावर आलं.

त्याने प्रश्न सुटला का? ८ फेब्रुवारी २०२०, ह्यूस्टन. जॉन जोन्स, लाइट हेविवेटचा विजेता, समोर डॉमिनिक रेयेस. बहुतेकांच्या मते पहिल्या दोन फेऱ्या रेयेसच्या, शेवटच्या दोन जोन्सच्या, मधली तिसरी कुणाचीही. दोन पंचांनी जोन्सला ४८-४७ दिलं आणि तिसऱ्याने ४९-४६. तिसरा आकडा ऐकून भले भले चकित झाले, कारण त्याचा अर्थ रेयेसला पाचांत एकच फेरी. निकष घासला, पण अटीतटीची फेरी अटीतटीचीच राहिली.

आता आपल्या देशाशी जोडलेलं एक उदाहरण. ८ जून २०२४, अमेरिकेतलं लुइव्हिल शहर. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाना गावची पूजा तोमर, समोर ब्राझीलची रेयान दोस सांतोस. पूजा जिंकली आणि यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आपल्याकडे बातम्या आल्या, अभिमान वाटला. पण गुण किती जणांनी पाहिले? एक पंच ३०-२७ पूजा. दुसरा पंच २७-३०, म्हणजे तिन्ही फेऱ्या दोस सांतोसच्या! तिसरा २९-२८ पूजा. एक म्हणतो सगळं हिने जिंकलं, दुसरा म्हणतो सगळं तिने.

हे हास्यास्पद वाटतं, पण आपण फळ्यावर जे मांडलं ते आठवा. ३०-२७ हा आकडा ऐकला की वाटतं, एकतर्फी लढत. तसं असेलच असं नाही. केसाच्या अंतराच्या तीन फेऱ्या एकाच बाजूला झुकल्या तरी ३०-२७ होतात. आकडा मोठा, अंतर छोटं. १०-९ मध्ये केसभर आघाडीही मावते आणि हातभर आघाडीही मावते, हाच त्या आकड्याचा दोष. आणि म्हणूनच, पूजाचा विजय त्या २७-३० मुळे कमी होत नाही. तिसऱ्या पंचाची २९-२८ ची ओळ उलटी असती, तर तेच कौशल्य, तीच हिंमत, आणि इतिहासात नाव नाही. केवढ्या बारीक धाग्यावर ते नाव टांगलेलं होतं, हे कळल्यावर उलट त्याची किंमत वाढते.

उपाय म्हणून एक प्रयोग झाला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, महिलांच्या इन्व्हिक्टा संघटनेच्या लढतींत, प्रत्येक फेरीनंतर गुण तिथल्या तिथे जाहीर केले गेले. मागे पडलेल्या खेळाडूला कळतं की आता जोखीम घ्यायलाच हवी, आणि शेवटी धक्का बसत नाही. विरोधकांचं म्हणणं, पुढे असलेला शेवटच्या फेरीत पळत राहील, आणि चिडलेल्या प्रेक्षकांत बसून पंचाला पुढचे आकडे लिहावे लागतील. दुसरी भीती पोकळ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून काय घडलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंच हाही माणूस आहे, आणि तो एकाच बाजूला बसलेला असतो. त्याच्यासमोर कधी पैलवानाची पाठ येते, कधी जाळीचा खांब. घरच्या पडद्यावरचे ठोशांचे आकडे त्याच्यापुढे नसतात, समालोचकही नसतो.

म्हणून समारोपाला आमची एक विनंती. पुढच्या वेळी अटीतटीची लढत पाहाल तेव्हा आवाज बंद करा, कागद घ्या, आणि प्रत्येक फेरी संपली की पुढची सुरू व्हायच्या आत आकडा लिहा. खाडाखोड करायची नाही. एक मिनिट असतं हातात. शेवटी बेरीज करा. तुमचा निकाल पंचांपेक्षा वेगळा आला तर ‘लुटलं’ म्हणण्याआधी एक गोष्ट तपासा, कोणत्या फेरीत वेगळा आला? बहुतेक वेळा ती एकच फेरी निघेल, आणि तिथे लिहिताना तुमचाही हात थबकला होता हे तुम्हाला आठवेल.

राहता राहिले एडगर आणि मेनार्ड. ८ ऑक्टोबर २०११ ला ह्यूस्टनमध्ये ते पुन्हा भेटले. पहिल्या फेरीत मेनार्डने एडगरला पुन्हा जबर फोडलं, जणू जानेवारीचीच रात्र परत आली. एडगर पुन्हा सावरला. चौथ्या फेरीत त्याच्या ठोशांनी मेनार्ड जाळीपाशी कोसळला आणि रेफरीने लढत थांबवली. त्या रात्री पंचांचे कागद वाचायची वेळच आली नाही. ती निकाली कुस्ती झाली. पण दर वेळी असं होत नाही, आणि जिथे होत नाही तिथे कुणाला तरी त्या खुर्चीवर बसून नऊ की आठ, इकडे की तिकडे, हे लिहावंच लागतं.

आता प्रश्न घेऊ.